विचारा, सांगतो : कायरोप्रॅक्टरकडे पहिल्यांदा जाताना

मोबाइलवर कुणाची तरी मान कटकन वाजते, पेशंट हसत उठतो आणि खाली हजारभर लोक पत्ता विचारतात. त्या व्हिडिओंचा परिणाम आमच्या टपालावरही झालेला दिसतो. कायरोप्रॅक्टिक म्हणजे हाताने मणके आणि सांधे हलवून दुखणं कमी करायची पद्धत; तिच्याविषयी इतके प्रश्न साचले होते की हा अंक त्याच विषयाला दिला. उत्तरं फिजिओथेरपी आणि अस्थिरोग या दोन्ही शाखांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत. पत्रं थोडक्यात घेतली आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : वय ३४, राहणार इंदिरानगर, नाशिक. दिवसभर लॅपटॉपवर काम. दोन महिन्यांपासून कंबर धरते, पायात मात्र काही नाही. मित्र कायरोप्रॅक्टरकडे जा म्हणतो. पहिल्या दिवशी तिथे नेमकं काय करतात? उपाशी जायचं का? कपडे कोणते घालायचे?

उत्तर : उपाशी जायची गरज नाही, फक्त भरपेट जेवून लगेच पालथं झोपायला लागू नये म्हणून दीडेक तासाचं अंतर ठेवा. कपडे सैल हवेत. ट्रॅकपँट-टीशर्ट किंवा सलवार-कुर्ता चालतो. साडीत आणि जीन्समध्ये कुशीवर वळून गुडघा पोटाकडे घेणं अवघड जातं. गळ्यातली चेन, कानातलं, चष्मा, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या आधीच काढून ठेवा. जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. बीपी, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी, पूर्वी घेतलेले स्टिरॉइड यातलं काहीही ‘याचा कंबरेशी काय संबंध’ म्हणून गाळू नका.

पहिली भेट पाऊण ते एक तासाची असायला हवी, आणि त्यातला मोठा भाग बोलण्यात आणि तपासण्यात जायला हवा. दुखणं कधी सुरू झालं, बसल्यावर वाढतं की चालल्यावर, खोकताना-शिंकताना कळ जाते का, रात्री झोपेतून उठवतं का, ताप येतो का, वजन उतरलंय का, लघवी-शौचाला काही त्रास आहे का, पूर्वी कॅन्सर किंवा क्षयाचा इतिहास आहे का, हे सगळं विचारलं गेलं पाहिजे.

मग तपासणी. उभं राहून पुढे, मागे, दोन्ही बाजूंना वाकायला सांगतात. टाचांवर चार पावलं आणि चवड्यांवर चार पावलं चालवतात. साधी दिसणारी ही गोष्ट फार उपयोगाची असते : टाचांवर चालताना एका पायाचा चवडा खाली पडला तर चौथ्या-पाचव्या कंबरमणक्याच्या पातळीवरच्या नसेत ताकद कमी झाल्याची शंका येते, चवड्यांवर उभं राहता आलं नाही तर त्याखालच्या नसेची. नंतर उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत एकेक पाय वर उचलतात. साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये गुडघ्याखालपर्यंत कळ गेली तर नस ओढली जातेय असं समजतात. नुसती मांडीमागची शीर ताणल्यासारखं वाटणं वेगळं, ते आपल्यापैकी निम्म्यांना होतंच. गुडघ्यावर आणि टाचेमागे हातोडीने टिचकी मारून प्रतिक्षिप्त क्रिया बघतात, कापसाने किंवा बोथट टोकाने त्वचेची जाणीव तपासतात.

हे झाल्यावर काय वाटतंय, काय करणार, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगून तुमची संमती घेतली पाहिजे. ‘आज नको’ म्हणायचा हक्क टेबलावर झोपल्यानंतरही तुमचाच असतो.

कंबरेसाठी बहुधा कुशीवर झोपवतात. खालचा पाय सरळ, वरचा गुडघा दुमडलेला, वरचा खांदा हलकेच मागे. सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत हळू नेतात, श्वास सोडायला सांगतात आणि एक लहानसा, वेगाचा दाब देतात. हा दाब जोराचा नसतो, झटपट असतो; हात जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. काही ठिकाणी कमरेखालचा भाग किंचित खाली पडणारं टेबल वापरतात, काही ठिकाणी स्प्रिंगचं पेनासारखं छोटं उपकरण. ज्यांना झटक्याची धास्ती वाटते त्यांना ही साधनं बरी वाटतात.

दारातून आत गेल्यावर पाच मिनिटांत, काही न विचारता, पालथं झोपवून कडाकड आवाज काढायला सुरुवात झाली तर चप्पल घालून परत निघा. यात भिडस्तपणा कामाचा नाही.

आता तुमच्या दुखण्याबद्दल. पायात लक्षण नाही, वय कमी, दोन महिने झालेत : अशा कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचाराचा मध्यम स्वरूपाचा फायदा होतो. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मणक्याच्या मॅनिप्युलेशनला (हाताच्या झटपट दाबाने सांधा हलवण्याला) औषधाआधी करून बघण्याच्या पर्यायांत जागा दिली आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचना मात्र व्यायामाची जोड असेल तरच ते करा, नुसतं नको, असं म्हणतात. आम्ही ब्रिटिशांच्या बाजूचे आहोत. एका बैठकीत ‘मोकळं’ वाटेल, पण दहा तास खुर्चीत त्याच पद्धतीने बसलात तर आठवड्याने पुन्हा तिथेच याल.

प्रश्न : तो ‘कट्’ आवाज म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसल्याचाच ना? मला दोन वेळा आवाज आलाच नाही, म्हणजे उपचार वाया गेला का? (सिडको)

उत्तर : दोन्हीचं उत्तर नाही. मणका म्हणजे काही रुळावरून घसरलेला डबा नव्हे की ढकलला आणि बसला. मणके अस्थिबंध, दोन मणक्यांमधल्या गाद्या (डिस्क) आणि स्नायूंनी इतके घट्ट बांधलेले असतात की ते खरोखर सरकले तर तुम्ही चालत दवाखान्यात येणार नाही.

आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवातून. सांधा झटकन उघडला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढताना एमआरआयवर ही पोकळी बनताना टिपली. बोटं मोडताना येतो तोच आवाज. एकदा वाजलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात; मणक्यांच्या सांध्यांचंही तसंच.

आराम मिळतो तो सांध्याभोवतीच्या स्नायूंना आणि नसांना मिळालेल्या संदेशामुळे. आखडलेला स्नायू सैल पडतो, दुखण्याची जाणीव काही काळ दबते, वाकणं सोपं होतं. आवाज आला काय, न आला काय, परिणामात फरक पडत नाही. उलट आवाज येईपर्यंत पुन्हा पुन्हा मान पिळणारा माणूस टाळावा. तुमच्या सवयीबद्दलही एक विचारून ठेवतो, कारण पत्रात तसा सूर आहे : दिवसातून चार वेळा स्वतःची मान स्वतः मोडता का? तसं असेल तर आधी ते थांबवा. जो सांधा आधीच सैल आहे तोच वाजत राहतो आणि आखडलेला तसाच राहतो.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीनंतर विरळणी (घडातले जादा मणी काढणं) आणि डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) दिवसांत दिवसभर मांडवाखाली मान वर करून काम चालतं. दरवर्षी मान धरते, यंदा उजव्या हाताच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. ओळखीतला एकजण मान ‘मोकळी’ करून देतो म्हणतो. करून घ्यावी का? मजुरांनाही हाच त्रास आहे.

उत्तर : हातात मुंग्या असताना मानेला झटका घेऊ नका. आधी तपासणी करा.

मान मागे टाकली की मानेच्या मणक्यांमधून नस बाहेर पडायची जी भोकं असतात ती लहान होतात आणि मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. मांडवाखाली तासन्‌तास हेच होतं, त्यात भर म्हणजे खांद्याच्या उंचीपेक्षा वर धरलेले हात. मुंग्या अंगठ्यात असतील तर बहुधा सहाव्या मानेच्या नसेचा संबंध, मधल्या बोटात असतील तर सातव्या, करंगळीत असतील तर आठव्या. घरच्या घरी बघता येईल अशी एक खूण : दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं का? वाटत असेल तर दुखणं मानेतल्या नसेचं असण्याची शक्यता वाढते, खांद्याचं असण्याची कमी होते.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच असते. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, छाटणीची कात्री हातातून निसटते, दोन्ही हातांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो, मान पुढे वाकवली की पाठीतून विजेचा झटका उतरतो : यातलं काही असेल तर नस नव्हे, खुद्द मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. अशा मानेला कुणीही, कितीही अनुभवी असला तरी, झटका द्यायचा नाही. थेट अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन, आणि एमआरआय.

मानेच्या झटक्याबद्दल आणखी एक धोका माहीत हवा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. मान एकदम पिळली तर क्वचित त्यांच्या आतल्या थराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. हे अगदी विरळा घडतं; पण घडतं तेव्हा तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाला घडतं, म्हणून ते हलक्यात घेता येत नाही. यात एक गुंता असा की ती चीर आधीच पडलेली असली तर तिचं पहिलं लक्षणच मान आणि डोकं दुखणं असतं, आणि माणूस त्यासाठीच मान मोडून घ्यायला जातो. म्हणून ‘असं कधीच दुखलं नव्हतं’ अशी नवी, एका बाजूची, मान-डोक्याची तीव्र वेदना असेल तर आधी डॉक्टर. झटक्यानंतर चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळताना अडकणं, चेहरा बधिर होणं, तोल जाणं यातलं काहीही झालं तर ‘थोडं पडून राहा, बरं वाटेल’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका; ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा.

सुदैवाने झटक्यावाचून काही अडत नाही. मानेच्या दुखण्यात सांधा हळुवार, लयीत हलवण्याच्या पद्धतीचा परिणाम झटक्याच्या जवळपासच मिळतो. तपासणीत नसेची ताकद शाबूत निघाली तर फिजिओथेरपिस्टकडून ते आणि व्यायाम घ्या.

बागेत मात्र बदल करावा लागेल, नाहीतर पुढच्या विरळणीला पुन्हा हेच. उंचीने कमी असलेल्यांनी भक्कम, न डुगडुगणारं स्टूल किंवा लाकडी फळी घ्यावी. घड नजरेच्या पातळीला आला पाहिजे. उंच माणसाचं उलट असतं, तो मांडवाखाली वाकून मान बाहेर काढतो. त्याला बसून करायच्या कामावर लावा. दर पंचवीस-तीस मिनिटांनी काम बदला : विरळणी करणाऱ्याने कॅरेट उचलावं, कॅरेटवाल्याने विरळणी. मधे उभ्या उभ्या हनुवटी सरळ मागे ओढायची, जणू दुहेरी हनुवटी करतोय तशी, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. मग दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आवळायची, तेही दहा वेळा. पाठीवरचा १६ लिटरचा पंप भरला की पंपाच्या वजनासकट वीस किलोच्या आसपास जातो; मान धरलेली असेल त्या दिवसांत तो अर्धाच भरा. फेऱ्या वाढतील, मुकादम कुरकुरेल, चालायचंच.

प्रश्न : सासूबाई ६८ वर्षांच्या. हाडांची ठिसूळता आहे, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पाठ सतत दुखते. सोसायटीतल्या सगळ्याजणी कायरोप्रॅक्टरकडे जातात, त्यांनाही न्यायचं म्हणतात. (गंगापूर रोड)

उत्तर : नेऊ नका, निदान झटक्याच्या उपचारासाठी तरी नाही. ठिसूळ मणका त्या दाबाने दबून मोडू शकतो आणि रक्त पातळ असेल तर आत रक्तस्राव लवकर थांबत नाही. या वयात ‘सतत’ दुखणाऱ्या पाठीमागे आधीच दबलेला मणका असू शकतो. उंची कमी झाली आहे का, पोक वाढलाय का, हे बघा आणि पाठीचा साधा एक्स-रे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

याच यादीत आणखी काहीजण येतात : संधिवाताचे, म्हणजे आमवाताचे रुग्ण (त्यांच्या मानेतला सर्वांत वरचा सांधा सैल झालेला असू शकतो), मणके जुळून बांबूसारखा ताठ झालेला कणा असलेले, मणक्यात स्क्रू-पट्ट्या बसवलेले, कधी कॅन्सर झालेले, बराच काळ स्टिरॉइड घेतलेले आणि डाउन सिंड्रोम असलेली मुलं.

प्रश्न : सातपूरला कंपनीत कामाला आहे, वय २६. पाठीच्या मध्यावर तीन महिने दुखतंय, संध्याकाळी कणकण येते, वजन कमी झालंय. दोनदा पाठ मोडून घेतली, फरक नाही. तिसऱ्यांदा जाऊ का?

उत्तर : जाऊ नका. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि पाठीच्या एकाच जागी ठणका, हे आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचं नेहमीचं चित्र आहे. क्षयाने पोखरलेला मणका दाबाने ढासळला तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात. खोकला नसला तरी मणक्याचा क्षय असू शकतो. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा; रक्ततपासणी आणि एमआरआय सांगतील. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात दाखवलंत तरी चालेल. क्षयाची औषधं सरकारी यंत्रणेतून मोफत मिळतात आणि पूर्ण कोर्स घेतला तर बहुतेकजण बरे होतात.

प्रश्न : यजमानांच्या एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज, नस दबलेली’ असं आलंय. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, कायरोप्रॅक्टर म्हणतात गादी आत ढकलून देतो. कोणाचं ऐकावं? (नाशिकरोड)

उत्तर : गादी हाताने आत ढकलता येत नाही. त्या वाक्यावरच विश्वास उडायला हवा. पण ऑपरेशनचीही घाई बहुतेकदा नसते.

एमआरआयच्या कागदाला आपण फार घाबरतो. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांचे एमआरआय एकत्र करून अभ्यासले गेले तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. म्हणजे ‘बल्ज’ हा बराचसा केस पिकण्याच्या जातीचा बदल आहे. रिपोर्ट आणि तपासणी जुळली तरच त्याला अर्थ. एल४-एल५ ची, म्हणजे चौथ्या-पाचव्या कंबरमणक्यांमधली गादी बहुधा कंबरेच्या पाचव्या नसेवर दाबते. मग पायाचा अंगठा वर उचलायची ताकद कमी झाली आहे का, हे बघायचं. दोन्ही अंगठे एकाच वेळी वर करायला सांगा आणि आपल्या बोटाने खाली दाबा. डावा लगेच खाली गेला तर डॉक्टरांना सांगा.

ताकद शाबूत आणि फक्त कळ असेल तर सहा ते बारा आठवड्यांत बहुसंख्य लोकांचं दुखणं ओसरतं, बाहेर आलेला भाग पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. या काळात वेदनाशामक औषध, चालणं आणि पुढे दिलेला व्यायाम. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलून दोन-तीन मिनिटं राहायचं. कळ पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कंबरेकडे सरकली तर दिशा बरोबर, मग कंबरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. कळ उलट पावलाकडे उतरू लागली तर लगेच थांबायचं.

घरात सगळ्यांना माहीत असावी अशी खूण : लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांत ताकद कमी होत जाणं. यातलं काहीही दिसलं तर ती रात्र घरी काढायची नाही. एमआरआय आणि न्यूरोसर्जन दोन्ही असलेलं रुग्णालय गाठायचं. ऑपरेशन ४८ तासांच्या आत झालं तर लघवीचा ताबा परत येण्याची शक्यता चांगली राहते.

प्रश्न : एका सेंटरने पहिल्याच दिवशी पूर्ण कण्याचा एक्स-रे काढला, एक पाय आखूड आहे म्हणाले आणि २४ सिटिंगचं पॅकेज सांगितलं. आगाऊ भरले तर सूट. समोरच्याचं शिक्षण खरं की खोटं, हे कसं ओळखायचं? (कॉलेज रोड)

उत्तर : पैसे भरू नका.

दोन पायांच्या लांबीत एक सेंटिमीटरपर्यंत फरक असणं नेहमीचं आहे आणि पालथं झोपवून टाचा जुळवण्याच्या पद्धतीत बघणाऱ्याच्या हाताच्या ओढीने तेवढा फरक सहज ‘तयार’ही होतो, मग ‘दुरुस्त’ही होतो. एक्स-रेबद्दल तर खुद्द अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनचीच सूचना आहे : धोक्याची लक्षणं नसतील तर नव्या कंबरदुखीत पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे काढू नका. कंबरेच्या एक्स-रेत अंगावर येणारे किरण हे सहाएक महिन्यांत निसर्गातून मिळतात तेवढे असतात. फार नाहीत, पण फुकट कशाला घ्यायचे?

योग्य पद्धत अशी की दोन ते चार आठवड्यांचा प्रयोग ठरवायचा, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, आणि आधीच मोजमाप लिहून ठेवायचं : किती मिनिटं बसता येतं, किती चालता येतं, दुखणं दहापैकी किती. चार आठवड्यांत त्यात ठळक फरक नसेल तर उपचार बदलायचा. फरक असेल तर भेटी विरळ करत न्यायच्या. चोवीस भेटी पहिल्याच दिवशी कुणालाही ठरवता येत नाहीत.

शिक्षणाचं गणित जरा किचकट आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात कायरोप्रॅक्टरला परवाना लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या सूचनांत पूर्ण अभ्यासक्रमासाठी किमान ४,२०० तासांचं शिक्षण धरलं आहे. भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र कायदेशीर परिषद नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं, आणि लावतातही. परदेशातून चार-पाच वर्षं शिकून आलेला आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेला, दोघांची पाटी सारखीच दिसते. तेव्हा सरळ विचारा : मूळ पदवी कोणती, कुठली, किती वर्षांची? आपल्याकडे मॅनिप्युलेशन करणारे बरेचजण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात. बीपीटीएच ही त्यांची पदवी; तिचा अभ्यासक्रम बरीच वर्षं साडेचार वर्षांचा होता, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांची पदवी आपल्याच म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक मागायला लाजू नका. खरा माणूस रागावत नाही.

प्रश्न : गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. कायरोप्रॅक्टिक हेच का? (निफाड)

उत्तर : पायाने हलकासा स्पर्श करेपर्यंत श्रद्धेचा भाग म्हणून सोडून देऊ. उसण तशीही तीन-चार दिवसांत उतरते, श्रेय पायाळूला जातं. लाथ मारणं, पाठीवर उभं राहणं मात्र अजिबात नको. कोणता सांधा, किती दाब, कोणत्या दिशेने, याचा तिथे काही हिशेब नसतो आणि बरगडी मोडायला वेळ लागत नाही. व्हिडिओत दिसणारा पट्टा, जो हनुवटीखाली अडकवून डोकं मागून जोरात ओढतात, त्याबद्दलही आमचं मत फारसं वेगळं नाही.

प्रश्न : पहिल्या सिटिंगनंतर दुसऱ्या दिवशी अंग जास्तच दुखलं. चूक झाली का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : बहुधा नाही. जवळजवळ निम्म्या लोकांना दाब दिलेल्या जागी दुखणं, ताठरपणा, थकवा किंवा सौम्य डोकेदुखी होते. २४ ते ४८ तासांत जाते. शेक घ्या, चालत राहा, जड उचलू नका. दोन दिवसांपुढे टिकलं, हातापायात नव्याने मुंग्या आल्या किंवा ताकद कमी वाटली, तर पुढची भेट रद्द करून डॉक्टरांना दाखवा. ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय’ असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे.

प्रश्न : कायरोप्रॅक्टिकने बीपी, शुगर, थायरॉइड बरं होतं का? तान्ह्या बाळाची पोटदुखी जाते का?

उत्तर : नाही. आणि नाही. ही समजूत उगमापासूनची आहे. डी. डी. पामर या माणसाने १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी ही पद्धत सुरू केली तेव्हा बहुतेक रोगांचं मूळ मणक्यांच्या बिघाडात आहे असा त्याचा दावा होता. तो टिकला नाही; आज या विद्येतले शहाणे लोक स्वतःला कंबर, मान आणि सांध्यांपुरतं ठेवतात. तुमच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका, आणि बाळाच्या मानेला तर हातही लावू देऊ नका.

प्रश्न : सहावा महिना आहे, माकडहाडाच्या बाजूला खूप दुखतं. उपचार घेता येतील का? (म्हसरूळ)

उत्तर : आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून, सौम्य पद्धतीने घेता येतात. पालथं झोपवलं जाऊ नये, कुशीवर किंवा पोटासाठी खोबण असलेल्या टेबलावरच. गरोदरपणात अस्थिबंध आधीच सैल होतात, त्यामुळे झटक्याची गरज क्वचितच असते. अंगावर रक्त जात असेल, पाणी जात असेल किंवा वार खाली असल्याचं सांगितलं असेल तर काहीच नको. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी आणि कुशी बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून वळणं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : लासलगावला कांद्याच्या गोण्या उचलायचं काम. कंबर दुखली की आठवडा खाडा होतो. पाठ वाजवून लगेच कामावर जाता येईल का?

उत्तर : दुसऱ्या दिवशी हलक्या कामावर जा, गोणीवर नको. कंबरदुखीत आठवडाभर अंथरुणात पडून राहण्याने उलट स्नायू सुटतात. दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं चाला.

सकाळी उठल्यावरचा पहिला अर्धा तास सांभाळा. रात्रभर झोपेत गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा पुढे वाकून उचललं तर त्यांच्यावर ताण सर्वांत जास्त येतो. पहाटेची गाडी भरायची असेल तर आधी अर्धा तास फिरा, पहिली थप्पी हलक्या मालाची लावा. पन्नास किलोची गोणी दोघांनी उचला. ती पोटाशी चिकटलेली असली पाहिजे. हातभर लांब धरलेली गोणी कंबरेला कितीतरी पट जड पडते. आणि उचलून कंबर पिळून बाजूला टाकायची नाही, पावलं फिरवून सबंध अंगाने वळायचं. कंबर धरते ती बहुतेक वेळा याच पिळण्याने.

घरी ओणवं होऊन, म्हणजे हात-गुडघ्यांवर, पाठ मांजरासारखी वर-खाली दहा वेळा. मग त्याच अवस्थेत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ, आठ-दहा सेकंद, मग उलट. प्रत्येक बाजूला सहा वेळा. पोट ढिलं सोडायचं नाही.

प्रश्न : नाशिकरोडहून रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. सिटिंग घेतलं की त्याच दिवशी प्रवास चालेल का?

उत्तर : शक्यतो सिटिंग शनिवारी घ्या. कामाच्या दिवशीच घ्यावं लागलं तर परत आल्यावर संध्याकाळी, जाण्याआधी नको. ताज्या हलवलेल्या कंबरेने सलग साडेतीन-चार तास बसलात तर मिळालेला सैलपणा कल्याणपर्यंत निघून जातो. पासधारकांच्या डब्यात पत्त्यांचा डाव रंगला तरी अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहा. टॉवेलची गुंडाळी पट्ट्याच्या पातळीवर कंबरेमागे ठेवा, बॅग मांडीवर घेऊन पुढे झुकून झोपू नका, आणि इगतपुरीला गाडी थांबली की दारापर्यंत चालून या.